माझा गट बदलला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोनच माणसांची गाडी आहे. मागे बसायला जागा नाही, सामानाला जेमतेम एक कप्पा, आणि डोक्यावर पत्र्याऐवजी कापडी छत. सिग्नलला उभी असले की मुलं बोट दाखवून विचारतात, "ही रेसची गाडी का?" तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि उत्तर द्यायचं राहून जातं. आज देते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझं अंग हातांनी घासून घडवलं, रंग हातांनी चढवला. माझ्यासारख्या थोड्याच बनल्या, आणि मग तो कारखाना बंद पडला. मला बेंगळुरूला आणलं हयवदनरावांनी. जयनगरातलं जुनं मराठी घर त्यांचं. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांची मुलगी आश्लेषासुद्धा. मी आले तेव्हा आश्लेषा शाळेत होती. तिची आई, कृष्णाबाई, माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "अहो, घरात माणसं तीन. एकाला कायमचं घरी ठेवायचं ठरवून आणलीत का?"

मग आश्लेषा आईच्या मांडीवर बसायला लागली. ती उंच होत गेली तशी तिची वेणी अण्णांच्या डोळ्यांत जायला लागली. पुढे तिने परवाना काढला, आणि घरी राहणारं तिसरं माणूस म्हणजे अण्णा, हे आपोआप ठरलं.

कॉलेजात असताना ती मला पहिल्यांदा ऑटोक्रॉसला घेऊन गेली. नाव मोठं असलं तरी हा हौशी लोकांचा खेळ. मोकळ्या डांबरी आवारात नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शेजारी कुणी नसतं, धडकायला कुणी नसतं, फक्त घड्याळ असतं. प्रत्येक शंकूभोवती खडूने चौकट आखलेली असते. शंकू आडवा झाला, किंवा चौकटीच्या पार बाहेर गेला, तर तुमच्या वेळेत दोन सेकंद मिळवतात. इथे दोन सेकंद म्हणजे फार झाले.

पण सगळ्या गाड्या सारख्या कशा असतील? म्हणून त्यांचे गट पाडतात. गाडी कुणाची, केवढ्याची, किती चकचकीत, हे तिथे कुणी विचारत नाही. इंजिन केवढं, वजन किती, आणि कारखान्यातून निघाल्यावर तिच्यात काय काय बदललं, एवढंच विचारतात. जी जशी निघाली तशीच आहे ती स्टॉक गटात. आसनाला नवं कापड घाला, गाणी लावा, झिजलेले ब्रेक बदला, कुणी काही म्हणत नाही. पण गाडी ज्याने वळणावर वेगळी वागेल अशा गोष्टीला हात लावलात, स्प्रिंग म्हणा, इंजिन म्हणा, की तुमची रवानगी ओपन गटात. तिथे हलक्या केलेल्या, कापलेल्या, चिकट टायरवर धावणाऱ्या गाड्या असतात. त्यांच्यात माझ्यासारखी गेली तर शेवटून पहिली येईल.

मी स्टॉक गटातली. दारावर पांढऱ्या चिकटपट्टीने गटाचं अक्षर लावलं की माझी छाती फुगायची. आश्लेषा माझ्या गटात कित्येकदा पहिली आली. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. अण्णा मागून बसने येऊन दुरून बघायचे आणि घरी गेल्यावर तिला म्हणायचे, "क्लच स्वल्प हळू सोड."

मग आश्लेषाचं लग्न झालं, ती शहरातच, एचएसआर लेआउटला राहायला गेली. तिथे गाडी ठेवायला जागा एकच, आणि ती घरच्या मोठ्या गाडीने घेतलेली. मी जयनगरातच राहिले. ती रविवारी यायची.

ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाची गोष्ट. तपासणीला जाताना ती हट्टाने माझ्यातूनच जायची, आणि अण्णा चालवायचे. आमच्या रस्त्यांवरचे उंचवटे तुम्हाला ठाऊकच आहेत. माझं पोट खाली घासायचं, आणि शेजारी बसलेली आश्लेषा आपल्या पोटावर दोन्ही हात धरायची. अण्णांच्या कपाळावर घाम यायचा. एका दुपारी ती झोपलेली असताना त्यांनी मला जॅकवर उचललं आणि चारही स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये साबणाचं पाणी लावून जाड काळ्या रबराची एकेक कडी बसवली. बेंगळुरूत हे किती जण करतात! गाडी जरा उंच होते, घासत नाही. पण स्प्रिंग त्याने कडकही होते. अण्णांनी हात धुतले आणि ते कुणाला काही बोलले नाहीत. एवढ्याशा रबराचं सांगायचं काय, असं त्यांना वाटलं असावं.

मला कळलं होतं, मित्रांनो. माझंच अंग ते. पण आम्हाला हॉर्नखेरीज दुसरा आवाज नाही.

मुलगी झाली. माझ्यावर आच्छादन पडलं. त्या काळात उंदरांनी माझी वायर कुरतडली, टायर बसले. एकदा अभिराज बघायला आला. अभिराज म्हणजे ओपन गटात धावणारा, पुण्याहून आलेला, बोलताना अर्धं इंग्रजी बोलणारा मुलगा. त्याने आच्छादन वर केलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, उभी गाडी मरते. सीरियसली. मला दे. छत कापून ओपनसाठी बनवतो. निदान धावेल तरी."

"तू तिचे तुकडे करणार."

"तू तिचं लोणचं घालतेयस."

कृष्णाबाई आतून ओरडल्या, "लोणचं घातलं तर टिकतं तरी रे!"

आश्लेषा हसली नाही. बाळंतपणानंतर मला दोनदा बाहेर काढलं होतं, आणि दोन्ही वेळा मी खड्ड्याखड्ड्याला तिला हादरवलं होतं. तिची कंबर भरून आली होती. घरी येऊन ती आईला म्हणाली होती, "गाडी तीच आहे. मीच पहिल्यासारखी राहिले नाही." अण्णा तेव्हा बाळाचे लंगोट वाळत घालत होते. त्यांच्या कानावर ते गेलं नाही.

ती अभिराजला म्हणाली, "पुढच्या स्पर्धेत मी गटात पहिली आले तर गाडी माझ्याकडे राहील. नाही आले तर तुझी."

"शब्द?"

"शब्द."



स्पर्धा महादेवपुऱ्याच्या पलीकडे, एका बंद गोदामाच्या आवारात होती. सकाळी भीमाचार्यांनी आमची तपासणी केली. कोणती गाडी कोणत्या गटात, हे ठरवणारे ते. कपाळाला गंध, हातात विजेरी, आणि चेहऱ्यावर एकादशीचा कडक भाव. गाडीत सुटी वस्तू एकही नको, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी माझ्या कप्प्यातून एक खुळखुळा, दोन झबली आणि अर्धं बिस्किट बाहेर काढलं.

कृष्णाबाई कडेवर नात घेऊन पुढे झाल्या. "आचार्य, चाकाखाली लिंबू ठेवू ना?"

"चाकाखाली ठेवा, अक्का. गाडीत ठेवाल तर धावताना ब्रेकखाली जाईल."

मग ते वाकले. विजेरीचा झोत माझ्या चाकामागे फिरला. रबरावर चिखलाचा थर होता, स्प्रिंगवरही तोच. काळ्यावर काळं. झोत पुढे सरकला. "सरी, ठीक आहे," म्हणत ते उठले, आणि माझ्या दारावर स्टॉक गटाचं अक्षर चिकटलं.

ते अक्षर मला पहिल्यांदाच टोचलं.

प्रत्येकीला चार फेऱ्या होत्या, त्यांतली सर्वांत चांगली धरायची. आमच्या गटात खरी स्पर्धा स्मृती नावाच्या मुलीशी. तिची गाडीही छोटी, वजन माझ्याएवढंच, आणि हात सफाईदार. पहिल्या फेरीत आश्लेषा बिचकत गेली. दुसरीत तिने मला शंकूंमधून अशी काढली की मी झुकलेच नाही. तिसरीत तर आम्ही स्मृतीच्या अर्धा सेकंद पुढे गेलो. हेल्मेट काढताना आश्लेषाचे डोळे चमकत होते. किती महिन्यांनी ते तसे दिसले!

स्मृती धावत आली. "अक्का, तुझी गाडी वळणावर हलतच नाही गं! काय खायला घालतेस?"

"आईच्या हातचे डिंकाचे लाडू," आश्लेषा म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

स्मृती आपल्या गाडीकडे गेली. अण्णा माझ्या टपावर हात ठेवून उभे होते. इतके खूश की त्यांना राहवेना.

"लाडू कसले? रबर माझं आहे."

"कसलं रबर?"

"स्प्रिंगमध्ये घातलंय की. चारही चाकांना. तू पोटुशी होतीस तेव्हा. तुला हादरे नकोत म्हणून. बघ, अजून कसं घट्ट बसलंय!"

आश्लेषाच्या हातातलं हेल्मेट तसंच राहिलं. ती वाकली, चाकामागे हात घातला, बोटांनी चिखल खरवडला. हात बाहेर काढून काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली.

"अण्णा, हे स्टॉकमध्ये चालत नाही."

"रबर गं ते. मी काय इंजिन बदललं?"

"स्प्रिंग कडक होते त्याने. गट बदलतो."

अण्णांचा चेहरा उतरला. मग जरा चढला. "म्हणजे मी लबाडी केली म्हणतेस?"

"असं कुठे म्हणाले मी?"

"हळू बोला दोघं," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणी बघितलंय का? नाही ना? आचार्यांनी स्वतः तपासून अक्षर लावलंय. आता एक फेरी उरलीय. गप बसा."

एवढ्यात बाळ रडायला लागलं. आश्लेषा माझ्या आत येऊन बसली, काचेला ओढणी अडकवली आणि तिला दूध पाजायला घेतलं. बाहेर गाड्या सुटत होत्या, शंकू सरळ करणारी मंडळी ओरडत होती. आत फक्त बाळाचा घुटका घेतल्याचा आवाज. आश्लेषाचं हृदय माझ्या आसनाला लागून धडधडत होतं. मी तिला मांडीवर बसायच्या वयापासून ओळखते. पुढे होती ती वेळ तिची होती की रबराची? रस्त्यावर तिला हादरवलं ते रबराने. इतके दिवस ती स्वतःला दोष देत होती. मग आज जिंकवत होतं तेही रबरच असेल, तर तिचं असं काय उरलं?

आणि गप्प बसली असती, तर हे तिला कधीच कळलं नसतं. मी मात्र तिच्याकडे राहिले असते.

बाळ झोपलं. तिने तिला आईकडे दिलं आणि सरळ भीमाचार्यांच्या टेबलाकडे चालू लागली. मला वाटलं, हॉर्न आपोआप वाजला तर बरं.

भीमाचार्य तिच्याबरोबर आले, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांना अण्णांपेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं होतं.

"माझ्या नजरेतून सुटलं. दोन वाटा आहेत, आश्लेषा. रबर असूदे, तुझ्या तिन्ही फेऱ्या धरतो, पण ओपन गटात. नाहीतर रबर काढ. मग स्टॉकमध्ये तुझी उरलेली एकच फेरी धरेन. आधीच्या गेल्या."

"काढते."

"तुझी पाळी आली की मी थांबणार नाही. नियम सगळ्यांना एक."

"थांबू नका."

अभिराज मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "ताई, वेडी आहेस का? कोण बघणार होतं?"

 आश्लेषा जॅक काढायला वाकली, तर जॅक आधीच अण्णांच्या हातात होता.

"तू हो बाजूला," ते म्हणाले. "मी घातलंय, मी काढतो."

मग जे झालं ते अजून माझ्या अंगात आहे. अण्णा कडक डांबरावर गुडघे टेकून बसले. मला एका बाजूने उचललं, स्प्रिंग लांबली. कृष्णाबाईंनी बाळाच्या पिशवीतला साबण पाण्यात खळखळवला. पहिलं रबर सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं अडकलं. तिकडे स्मृतीची शेवटची फेरी सुरू झाली होती. तिने आपली वेळ आणखी खाली आणली, टाळ्या वाजल्या. अण्णांची बोटं साबणाने घसरत होती. "ये ना रे, ये," ते रबराला म्हणत होते, लहान मुलाला बोलवावं तसं. अभिराज त्यांच्या शेजारी बसला, त्याने वेटोळं पकडलं, अण्णांनी ओढलं. सुटलं. चौथं निघालं तेव्हा झेंडेवाला आमचा आकडा पुकारत होता.

मी जमिनीवर टेकले. अंग कसं सैल सैल वाटत होतं.

आश्लेषा बसली. पट्टा आवळला. अण्णा खिडकीशी आले. त्यांचे हात साबणाने आणि ग्रीसने भरले होते, म्हणून त्यांनी दाराला कोपर टेकलं.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," ते म्हणाले.

"मला सांगायचं होतंत, अण्णा. मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय."

अण्णांना हे पहिल्यांदाच कळत होतं. तेवढ्यात झेंडा खाली आला.

मित्रांनो, त्या फेरीसारखी फेरी मी कधी धावले नाही. पहिल्या वळणावर मी झुकले, सकाळपेक्षा कितीतरी जास्त. आश्लेषा दचकली, आणि मग तिच्या हातांना आठवलं. हीच मी होते, तिच्या कॉलेजातली. तिने मला ओढलं नाही, जाऊ दिलं. डांबराचा खडबडीत भाग आला, माझी चाकं उडाली नाहीत, जमिनीला धरून राहिली. नागमोडी शंकू एकामागून एक मागे पडले. ती माझ्यात तोंडाने आवाज काढत होती, लहान मुलं गाडी गाडी खेळताना काढतात तसा. शेवटच्या वळणावर तिने सकाळच्या सवयीने स्टिअरिंग वळवलं, पण आता माझी शेपटी जरा जास्त बाहेर जात होती. मला कळलं. तिलाही कळलं. मागच्या चाकाला काहीतरी हलकंसं लागलं.

आम्ही रेघ ओलांडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे त्या शंकूकडे बघत होते.

शंकू पडला नव्हता. उभा होता, पण सरकलेला. भीमाचार्य चालत गेले. उकिडवे बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. शंकूचा थोडासा भाग जरी खडूच्या रेघेवर असता तरी चाललं असतं. त्यांनी गाल डांबराला टेकवून पाहिलं. कृष्णाबाईंचे ओठ हलत होते. मला वाटतं, स्मृतीनेही श्वास रोखला होता.

भीमाचार्य उठले आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

दोन सेकंद. शंकू पार बाहेर होता. रेघ आणि त्याच्यामध्ये बोट मावेल एवढी फट. त्या दोन सेकंदांशिवाय आमची वेळ स्मृतीपेक्षा कमी होती, आणि सकाळच्या आमच्याच वेळेपेक्षाही. त्या दोन सेकंदांसकट आम्ही दुसऱ्या आलो.

अण्णा खाली बसले. "माझ्यामुळे गेली," ते म्हणाले. "गाडी माझ्यामुळे गेली."

आश्लेषा उतरली आणि त्यांच्या शेजारी डांबरावर बसली. ती रडत होती आणि हसतही होती. "अण्णा, सकाळपेक्षा कमी वेळ. रबराशिवाय! ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण गाडी गेली ना."

"गेली." तिने नाक पुसलं. "पण ती वेळ माझी होती."

तिने किल्ली अभिराजपुढे धरली. तो हात मागे घ्यायला लागला. "ताई, राहू दे. मी असंच म्हणालो होतो..."

"मी असंच म्हणाले नव्हते. घे."

त्याने घेतली. मला नेताना कृष्णाबाईंनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला आणि अभिराजला दम भरला, "हिला पावसात उभी करशील तर बघ."

आता मी अभिराजकडे असते. त्याने मला बदललं, खूप बदललं. पण एक सांगते. छत कापायच्या दिवशी त्याने आधी आश्लेषाला फोन लावला. "ताई, आज छत जातंय. सांगून ठेवतो." पलीकडे बाळ बडबडत होतं. ती म्हणाली, "काप. कडा नीट घासून घे, हाताला लागतात." मग अण्णांचा आवाज आला, "आणि पाणी आत कुठून जाईल ते बघ रे." दर बदलाच्या आधी त्याचा असा फोन जातो. त्या दिवशी मला दुखलं का, ते विचारू नका.

माझ्या दारावर आता ओपन गटाचं अक्षर असतं. स्पर्धेत एका गाडीला दोन चालक चालतात, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मागच्या महिन्यापासून अभिराजनंतर आश्लेषा माझ्यात बसते. आम्ही अजून शेवटून दुसऱ्या येतो.

मित्रांनो, गाडी असो की माणूस, ती आयुष्यभर जशीच्या तशी राहत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझं मागणं एवढंच आहे. कुणाच्या काळजीपोटी काही बदललंत, तर त्याला सांगा. तुमच्या मनातलं प्रेम त्याला दिसत नाही. त्याला फक्त हादरे बसतात, आणि ते का बसतात हे न कळून तो स्वतःलाच दोष देत राहतो.

बरं, येते. आश्लेषाने पट्टा आवळलाय आणि आमचा आकडा पुकारलाय.